जाणकार सदस्य उद्धट असेल, तर प्रश्नोत्तर विभाग कसा सांभाळावा?

पत्र

घरगुती विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीविषयीचा एक ऑनलाइन प्रश्नोत्तर विभाग मी आणि माझे दोन सहकारी विनामोबदला सांभाळतो. सुरुवातीला सगळे एकमेकांना ओळखत असल्यामुळे नियमांची गरजच भासली नाही. आता सदस्यसंख्या कित्येक पटींनी वाढली आहे. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. आमचे सर्वांत जाणकार सदस्य नवख्यांना ‘आधी शोधायला शिका, मग विचारा’ असे फटकारतात, पण त्यांच्याइतकी अचूक उत्तरे दुसरे कोणी देत नाही. एखादी पोस्ट काढली की मुस्कटदाबीचा आरोप होतो. अलीकडे एआयकडून लिहून घेतलेली, वाचायला सफाईदार पण चुकीची उत्तरेही येऊ लागली आहेत. प्रत्येक पोस्ट आम्ही तपासूनच प्रसिद्ध करावी का? त्या जाणकार सदस्यांना काढून टाकावे का? एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, आपण काहीच करू नये, चांगले-वाईट लोक आपोआप ठरवतील.

– एक दमलेला नियंत्रक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन थेट प्रश्नांची उत्तरे आधी देते. प्रत्येक पोस्ट तपासून प्रसिद्ध करण्याच्या फंदात पडू नका. तिघांच्या बळावर ते फार दिवस चालणार नाही, आणि ज्याच्या वॉशिंग मशीनमध्ये पाणी तुंबून राहिले आहे त्याला तुमच्या सवडीची वाट पाहायला लावली, तर तो सरळ दुसरीकडे जाईल. जाणकार सदस्यांना काढण्याचा निर्णयही आज घेऊ नका; त्याआधी करण्यासारखे बरेच आहे आणि तुमच्या पत्रावरून तरी ते अजून झालेले दिसत नाही. ‘काहीच करू नये’ हा सहकाऱ्यांचा सल्ला मात्र बाजूला ठेवावा लागेल. त्यामागचे कारण जरा विस्ताराने सांगते, कारण बाकीचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत.

गप्पा त्या दिवसापुरत्या असतात, पण दुरुस्तीच्या प्रश्नाचे उत्तर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही शोधून वाचले जाते. विचारणारा एक असतो, उत्तर देणारे दोन-तीन असतात आणि नंतर तोच बिघाड घेऊन येणारे कितीतरी असतात. हे नंतरचे वाचक सदस्य होत नाहीत, आभार मानत नाहीत, तक्रारही करत नाहीत. वाचतात, करून पाहतात आणि निघून जातात. नियंत्रकाला दिसतात ती मात्र भांडणारी माणसे, आणि त्यामुळे त्याचे निर्णय नकळत त्या भांडणाचा निवाडा होऊन बसतात. कोणाची पोस्ट राहिली, कोणाची गेली, कोण नाराज झाले, याचा हिशेब करण्यात तो बुडून जातो. कोणताही निर्णय घेताना तुम्ही एकच विचार करावा असे मी सुचवेन: उद्या हाच बिघाड घेऊन आलेल्या अनोळखी माणसाच्या हाती या पानावरून काय लागेल?

आता ‘लोक आपोआप ठरवतील’ या मताकडे वळते. लोक ठरवतात हे खरे, पण ज्या गोष्टीला विभाग बक्षीस देतो तिच्याच दिशेने ठरवतात. २००५ साली सुरू झालेल्या याहू अ‍ॅन्सर्स या प्रश्नोत्तर स्थळावर नुसते उत्तर लिहिले तरी २ गुण मिळत आणि ते सर्वोत्तम ठरले तर १० गुण मिळत. म्हणजे एक चांगले उत्तर तयार करण्यापेक्षा ‘मलाही माहीत नाही’ अशा छापाच्या पाच ओळी पाच ठिकाणी टाकणे सोपे आणि तितकेच फायद्याचे होते. त्या ठिकाणी अशा ओळींचा सुकाळ झाला यात आश्चर्य नाही. ती सेवा ४ मे २०२१ रोजी बंद झाली. प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नांसाठी २००८ साली निघालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोने वेगळी वाट धरली. तिथे उत्तर लिहिण्याबद्दल काहीच मिळत नाही. इतरांनी ते उपयोगी ठरवले तरच गुण मिळतात, आणि त्या गुणांबरोबर हळूहळू जबाबदारी वाढते. १५ गुणांवर पसंतीचे मत देता येते, १२५ वर नापसंतीचे, आणि एखादा प्रश्न बंद करण्यासाठी मत द्यायचे तर ३००० गुण लागतात. तुमच्याकडे अशी गुणव्यवस्था नसेल आणि ती उभारण्याची गरजही नाही. पण तुमच्या विभागात आज सर्वांत जास्त लक्ष कोणाला मिळते, हे एकदा त्रयस्थपणे पाहा. सर्वांत आधी उत्तर देणाऱ्याला मिळत असेल, तर घाईची उत्तरे येत राहतील. सर्वांत जास्त भांडणाऱ्याला मिळत असेल, तर पुढे काय होईल हे तुम्हीच पत्रात लिहिले आहे.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या बाकीच्या अडचणींपैकी निम्म्या इथूनच निघतात. असा प्रश्न आला की तो काढून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नका. वॉशिंग मशीनच्या पंपापुढची जाळी तुंबली की एक जण लिहितो ‘पाणी जात नाही’, दुसरा लिहितो ‘ड्रेन होत नाही’, तिसरा लिहितो ‘कपडे ओलेच राहतात’ आणि चौथा फक्त ‘दार उघडत नाही’ एवढेच म्हणतो, कारण आत पाणी असेपर्यंत पुढून दार असलेले मशीन दार सोडतच नाही. बिघाड एकच, पण शोधणारा प्रत्येक जण आपापल्या शब्दांत शोधतो. त्यामुळे प्रश्न तसाच ठेवावा, त्यावर नवी उत्तरे थांबवावीत आणि वर जुन्या, पूर्ण उत्तराची लिंक द्यावी. म्हणजे ‘दार उघडत नाही’ असे शोधत आलेला माणूसही योग्य जागी पोहोचतो. मोठ्या प्रश्नोत्तर स्थळांवर हीच पद्धत रुळलेली आहे.

अट एकच: लिंक देणाऱ्याने जुने उत्तर उघडून वाचलेले असले पाहिजे. शीर्षक सारखे दिसले म्हणून प्रश्न बंद करण्याची घाई हे या कामातले सर्वांत सामान्य दुर्गुणांपैकी एक आहे. वरून कपडे टाकायचे मशीन आणि पुढून टाकायचे मशीन यांचे पाणी अडण्याची कारणे सारखी असतीलच असे नाही, आणि ‘याचे उत्तर आधीच दिले आहे’ असे सांगून चुकीच्या पानावर पाठवलेला माणूस परत येऊन विचारत नाही. एकट्याच्या निर्णयाने प्रश्न बंद होऊ नये म्हणून स्टॅक ओव्हरफ्लोवर पूर्वी ५ सदस्यांची मते लागत; २०१९ मध्ये ती संख्या ३ वर आणली गेली. तुम्ही तिघेच आहात, तेव्हा दोघांची संमती पुरे. मात्र विचारणाऱ्याने ‘माझे मशीन वेगळे आहे’ असे कारणासह सांगितले, तर प्रश्न विनातक्रार पुन्हा उघडावा.

दुसरे काम आहे प्रश्न दुरुस्त करण्याचे, आणि ते फारच कमी नियंत्रक करतात. समजा असा प्रश्न आला: ‘मशीन बंद पडलंय. अर्जंट. कोणी सांगेल का???’ त्यावर जाणकार मंडळी वैतागतात आणि ते साहजिक आहे. पण तुम्ही टिप्पणीत शांतपणे तीन गोष्टी विचारा: मशीन पुढून उघडते की वरून, नेमके कोणत्या टप्प्यावर थांबते, आणि आतापर्यंत काय करून पाहिले. उत्तरे आली की शीर्षक बदला: ‘पुढून उघडणारे मशीन पाणी बाहेर टाकताना थांबते, दार उघडत नाही’. आता हे पान दोन वर्षांनीही सापडेल. मात्र दुरुस्ती मांडणीपुरतीच असावी. विचारणाऱ्याने सांगितलेली लक्षणे तुमच्या अंदाजाप्रमाणे बदलू नका. काही वेळा माणूस बिघाड विचारतच नाही, स्वतः शोधलेल्या उपायाबद्दल विचारतो: ‘दाराचे लॉक बायपास कसे करावे?’ खरी अडचण तुंबलेल्या पंपाची असते आणि त्याने मागितलेला उपाय धोक्याचा असतो. अशा प्रश्नाचे शीर्षक परस्पर बदलू नये. त्याला ‘लॉक कशासाठी बायपास करायचे आहे?’ असे विचारावे, आणि उत्तर देणाऱ्याने लॉकला हात न लावता आधी प्लग काढून, पाणी गरम असेल तर ते निवू देऊन, खाली पसरट भांडे ठेवून पंपाची जाळी कशी काढावी ते सांगावे.

धोक्याचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या विभागापुरता एक कडक नियम सुचवते. मायक्रोवेव्ह ओव्हनचा प्लग काढल्यानंतरही त्यातल्या उच्च दाबाच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा विद्युतभार शिल्लक राहू शकतो. अनेक आधुनिक फ्रिजमध्ये आयसोब्युटेन नावाचा ज्वलनशील वायू असतो आणि त्याच्या नळीला घरी डाग देण्याचा प्रयत्न आगीला निमंत्रण ठरू शकतो. ‘प्लग काढा आणि उघडा, काही होत नाही’ असे उत्तर अशा ठिकाणी आले, तर त्यावर चर्चा होऊ देण्याची वाट पाहू नये. ते ताबडतोब झाकावे आणि मग चर्चा करावी. त्याला कितीही पसंत्या मिळालेल्या असोत. पसंतीची मते देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते करून पाहिलेले नसते, आणि ज्याच्या बाबतीत ते चुकले तो मत नोंदवायला येण्याची शाश्वती नसते. एरवी मी काढून टाकण्याच्या बाबतीत सबुरीचा सल्ला देते, पण इथे सबुरी नको.

याच तर्काने आणखी एक गोष्ट स्वीकारावी लागते, आणि ती सुरुवातीला जड जाते: प्रश्न अनुत्तरित राहिला तरी चालेल. रेडिट या चर्चास्थळावर इतिहासाच्या प्रश्नांसाठी आस्कहिस्टोरियन्स नावाचा एक विभाग आहे. तिथे वरवरची, एका ओळीची किंवा ऐकीव उत्तरे सरसकट काढली जातात, आणि त्यामुळे कित्येक लोकप्रिय प्रश्नांखाली काढलेल्या उत्तरांची रांग सोडून काहीच नसते. नव्या माणसाला हे विचित्र वाटते. पण जे उत्तर तिथे टिकते त्यावर वाचक भरवसा ठेवतो, आणि म्हणूनच जाणकार मंडळी वेळ काढून तिथे लिहितात. तुमचा विषय इतिहासापेक्षा व्यवहाराचा असल्यामुळे एवढी कडक शिस्त तुम्हाला लागणार नाही. पण पान रिकामे दिसते म्हणून चुकीचे उत्तर ठेवण्यापेक्षा रिकामे पान केव्हाही परवडले.

आता तुमच्या जाणकार सदस्यांविषयी. त्यांची चिडचिड नेमकी कोणत्या प्रश्नांवर होते ते तपासा. माझा अंदाज असा की, ती तुंबलेल्या पंपाच्या विसाव्या प्रश्नावर होते, नव्या आणि अवघड प्रश्नावर होत नाही. म्हणजे वर सांगितलेले काम तुम्ही केले नाही, म्हणून ते त्यांच्या पद्धतीने करत आहेत. यामुळे त्यांचे बोलणे क्षम्य ठरत नाही, पण उपाय कुठून सुरू करायचा ते कळते. नेहमीच्या दहा-बारा बिघाडांवर सविस्तर, कायमची उत्तरे लिहिण्याची विनंती त्यांना करा. ती उत्तरे तुम्ही लिंक म्हणून वापराल, म्हणजे त्यांना तेच तेच लिहावे लागणार नाही. जाणकार माणसाला असे काम दिले की तो बहुधा मनापासून करतो.

त्याच वेळी स्पष्ट बोलणेही झाले पाहिजे. ते खासगीत करा, आणि स्वभावाबद्दल न बोलता वाक्याबद्दल बोला. ‘तुम्ही नवीन लोकांशी नीट वागत नाही’ असे म्हटले की वाद स्वभावावर जातो आणि तिथून परत येत नाही. त्याऐवजी असे काही लिहा: ‘काल फ्रिजच्या प्रश्नावर तुम्ही दिलेले उत्तर अचूक आहे आणि ते आम्ही तसेच ठेवले आहे. त्यातले “एवढेही कळत नसेल तर उपकरणे वापरू नका” हे वाक्य काढले आहे. यापुढेही उत्तर ठेवू आणि असे वाक्य काढू. प्रश्नच निरर्थक वाटला, तर उत्तर न देता आम्हाला कळवा, आम्ही पाहू.’ यात त्यांच्या ज्ञानाचा मान राहतो, सीमाही कळते आणि पुढे काय होणार तेही कळते. शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे. चिडलेल्या माणसाला चिड व्यक्त करण्याची दुसरी जागा दिली नाही, तर तो ती नवख्यावरच काढणार.

एवढे करूनही बदल झाला नाही, तर शिक्षा पायरीपायरीने वाढवावी. सामाईक साधनसंपत्ती सांभाळणाऱ्या समाजांचा अभ्यास करणाऱ्या आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना जगभरातल्या कुरणांच्या, पाटबंधाऱ्यांच्या, मासेमारीच्या टिकून राहिलेल्या व्यवस्थांमध्ये जी समान लक्षणे दिसली, त्यांत एक हे होते की, नियम मोडणाऱ्याला तिथे पहिल्याच चुकीला हाकलले जात नाही. दंड हलका सुरू होतो आणि वारंवारतेप्रमाणे वाढतो. आणखी एक लक्षण असे की, तंटा सोडवण्याची सोय जवळ आणि स्वस्त असते. तुमच्या बाबतीत याचा अर्थ: आधी खासगी सूचना, मग वाक्य काढून तिथेच त्याची नोंद, मग आठवडाभर लिहिण्यास मनाई, आणि त्यानंतरच कायमची बंदी. तिथपर्यंत जाण्याची वेळ आली तर जा. अचूक उत्तरे देणारा एक माणूस गमावणे हे नुकसान मोजता येते. त्याच्या बोलण्याला घाबरून ज्यांनी विचारलेच नाही, किंवा ज्यांना उत्तर येत असूनही लिहिण्याचे धाडस झाले नाही, त्यांची मोजदाद कधीच होत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो चालवणाऱ्यांनी २०१८ च्या एप्रिलमध्ये आपले स्थळ नव्या लोकांना आपलेसे वाटत नाही हे जाहीरपणे मान्य केले आणि त्याच वर्षी नवी आचारसंहिता आणली. सुरू होऊन दहा वर्षे होत आल्यावर. सवयी एकदा मुरल्या की त्या मोडायला काय पडते, याची त्यावरून कल्पना यावी.

एक चूक मात्र करू नका. त्यांना शांत ठेवण्यासाठी नियंत्रकपद देऊ नका. हे बऱ्याच ठिकाणी केले जाते, आणि मग जे टोमणे होते ते अधिकृत आदेश होतात.

मुस्कटदाबीच्या आरोपाबद्दल. हा आरोप बहुतेक वेळा काढण्यामुळे होत नाही, न सांगता काढण्यामुळे होतो. सकाळी असलेली पोस्ट संध्याकाळी नाहीशी झाली आणि कोणी, का, कशासाठी काढली याचा पत्ता नाही, तर माणूस सर्वांत वाईट कारणच गृहीत धरतो. रेडिटवरील काढलेल्या पोस्टांचा अभ्यास करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, काढण्याचे कारण सांगितले गेले तर पुढच्या पोस्टही काढाव्या लागण्याची शक्यता कमी होते. म्हणून काढताना दोन वाक्यांची नोंद ठेवा आणि ती सदस्याला पाठवा. उदाहरणार्थ: ‘तुमचे उत्तर झाकले आहे, कारण त्यात कपॅसिटर रिकामा करण्याची खबरदारी सांगितलेली नाही. ती घालून उत्तर पुन्हा सादर केल्यास आम्ही ते उघडू.’ यात नियम कळतो आणि परतीची वाटही कळते. ‘नियमबाह्य असल्यामुळे काढले’ या वाक्यातून दोन्हींपैकी काहीच कळत नाही.

हे झाल्यावरही जो ओरडेल त्याच्याशी प्रश्नाखालीच वाद घालू नका, कारण दुरुस्ती शोधत आलेल्या वाचकाला तुमच्या वादाशी काही कर्तव्य नाही. नियमांवर बोलण्यासाठी एक वेगळी जागा ठेवा आणि तिथे तुमच्यावर झालेली टीका कितीही झोंबली तरी काढू नका. शिवीगाळ असेल तर गोष्ट वेगळी. फेरविचाराची विनंती मूळ निर्णय घेणाऱ्याकडे न जाता दुसऱ्या नियंत्रकाकडे जावी. आणि ज्या चर्चेत तुम्ही स्वतः एका बाजूने उतरला आहात तिथे अधिकार वापरू नका; सहकाऱ्याला सांगा. निर्णय तोच लागला तरी लोक तो वेगळ्या नजरेने पाहतात.

एआयने लिहिलेल्या उत्तरांचा प्रश्न नवा असला तरी त्याचा इतिहास तुमच्या कामाचा आहे. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले आणि अवघ्या काही दिवसांत स्टॅक ओव्हरफ्लोने त्याने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली. कारण असे दिले होते की, ही उत्तरे बरोबर असण्याचे प्रमाण फारच कमी आहे, पण ती बरोबर दिसतात आणि ती तयार करणे अतिशय सोपे आहे. खरी अडचण या शेवटच्या भागात आहे. पूर्वी चुकीचे उत्तर लिहायलाही वेळ लागे आणि ते बहुधा ओबडधोबड दिसे. आता लिहायला क्षण लागतो आणि तपासायला अर्धा तास. पण उत्तर कोणी लिहिले हे ओळखण्याच्या मागे लागाल तर फसाल. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच असा मजकूर ओळखण्यासाठी काढलेले साधन अचूकता कमी असल्यामुळे जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी, केवळ संशयावरून उत्तरे काढण्यास स्थळ चालवणाऱ्या कंपनीने मज्जाव केल्यामुळे स्टॅक ओव्हरफ्लोचे अनेक स्वयंसेवक नियंत्रक जूनमध्ये संपावर गेले होते. म्हणजे कंपनीला निर्दोष माणसे भरडली जाण्याची भीती होती आणि नियंत्रकांना चुकीच्या उत्तरांच्या पुराची. दोघांचेही म्हणणे अगदीच निराधार नव्हते.

तुमच्या विषयात यातून सुटण्याचा मार्ग इतरांपेक्षा सोपा आहे, कारण दुरुस्ती ही करून पाहण्याची गोष्ट आहे. उत्तर देणाऱ्याने हे स्वतः केले आहे का, कोणत्या प्रकारच्या उपकरणावर केले आणि काय दिसले, हे लिहिणे सक्तीचे करा. नुसते वाचून किंवा ऐकून लिहिले असेल तर तसेही सांगावे. त्यात कमीपणा काही नाही. ज्याने पंपाची जाळी खरोखर काढली आहे तो त्यातून निघालेल्या नाण्याचा, बटणाचा किंवा फरशीवर पसरलेल्या पाण्याचा उल्लेख करतोच. ‘सर्वप्रथम वीजपुरवठा तपासा, त्यानंतर सर्व जोडण्या तपासा, तरीही समस्या कायम राहिल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्या’ असे उत्तर माणसाने लिहिले काय आणि यंत्राने लिहिले काय, वाचकाला सारखेच निरुपयोगी आहे आणि त्याच कारणासाठी काढता येते. लेखक कोण याचा आरोप करण्याची वेळच येत नाही.

‘मला फोन करा, स्वस्तात करून देतो’ अशा उत्तरांबद्दल फार लिहीत नाही. ती काढावीत, आणि कोणीही आपला किंवा दुसऱ्याचा नंबर, पत्ता टाकला तर तो लगेच पुसावा.

पूर्वतपासणी सगळ्यांसाठी नको म्हटले, पण थोड्यांसाठी ठेवायला हरकत नाही. नव्या सदस्याची पहिली एक-दोन उत्तरे आणि बाहेरच्या लिंक असलेल्या पोस्ट तुमच्या नजरेखालून गेल्या की जाहिरातबाजीचा मोठा भाग तिथेच अडतो. प्रश्न मात्र अडवू नका, पहिला असला तरी. नियम लेखी करा, पण ते एका स्क्रीनवर मावतील एवढेच, आणि कुठेतरी कोपऱ्यात न ठेवता प्रश्न लिहिण्याच्या जागेच्या वरच दाखवा. रेडिटवरील विज्ञानचर्चांवर केलेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे: काही चर्चांच्या माथ्यावर नियम ठळकपणे लावले, काहींच्या माथ्यावर लावले नाहीत. जिथे लावले तिथे नवख्यांचे नियम पाळण्याचे प्रमाण ८ टक्केबिंदूंहून अधिक वाढले, आणि सहभागी होणाऱ्या नवख्यांची संख्या सरासरी ७० टक्क्यांनी वाढली. नियम दिसले की लोक बुजतात, ही आपली समजूत निदान तिथे तरी खोटी ठरली. बहुधा नव्या माणसाला इथे फटकारले जाणार नाही एवढी खात्री हवी असते, आणि ती त्या नियमांतून मिळत असावी.

राहिला तुमच्या दमण्याचा प्रश्न, जो तुम्ही सहीत लिहिला आणि पत्रात विचारला नाही. तिघांनी सतत जागे राहायचे ही व्यवस्था नाही. वार वाटून घ्या, आणि ज्याचा वार नाही त्याने धोक्याची पोस्ट सोडून कशालाही हात लावू नये. शिवाय आणखी दोघा-तिघांना सोबत घ्या. ते निवडताना सर्वाधिक उत्तरे देणाऱ्यांकडे पाहू नका. त्यांनी उत्तरेच देत राहावीत. टिप्पण्या चाळा. अर्धवट प्रश्नाखाली ‘मशीन कोणत्या टप्प्यावर थांबते?’ असे न चिडता विचारणारे, जुन्या उत्तराची लिंक शोधून देणारे, आणि आपले उत्तर चुकले असे दाखवून दिल्यावर ते मुकाट्याने दुरुस्त करणारे काही जण तुमच्याकडे आत्ताच असतील. त्यांना पहिला महिना फक्त शीर्षके दुरुस्त करण्याचे आणि जुन्या उत्तरांच्या लिंक जोडण्याचे अधिकार द्या. काढण्याचे अधिकार त्यानंतर, आणि तेही तुमच्यापैकी एकाच्या संमतीने.